बंद पॅनेलमधले एकशे अडतीस व्होल्ट

“पोरगी घाबरली आणि तिने स्टूल उचलून दौंडकरांना मारलं. इतकं सरळ आहे हे, पगारे. यात तुमचं इलेक्ट्रिकल घुसडू नका.”

सबनीस साहेबांनी मेमोची कॉपी माझ्यासमोर सरकवली. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी अजून डबासुद्धा टेबलावर ठेवला नव्हता.

सबनीस आमचे प्लांट हेड. आमची फॅक्टरी सिन्नरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी. मी तिथला मेंटेनन्सचा प्रमुख. एकतीस वर्षं पॅनेल उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. आदल्या दिवशी मी रजेवर होतो, भाचीच्या साखरपुड्याला इगतपुरीला. त्या एका दिवसात माझ्या डिपार्टमेंटमध्ये हे रामायण घडलं होतं.

मेमो रंजना भोयेच्या नावाने होता. दोन आरोप होते. पहिला, पॅनेल पूर्ण बंद आणि सुरक्षित असताना काम करायला नकार. दुसरा, सीनियर सहकाऱ्याला लाकडी स्टूल मारून मनगट फ्रॅक्चर करणं. खुलासा चोवीस तासांत द्या, तोपर्यंत कामावर येऊ नका.

“पोलिसात देत नाहीये, हे नशीब समजा म्हणावं,” सबनीस म्हणाले. “प्रोबेशनवर आहे, आपोआप जाईल. सुंठीवाचून खोकला गेला.”

रंजना हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरी भात आणि नागली. पीक निघालं की आईबाप द्राक्षांच्या बागांवर कामाला. तिने आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. आमच्याकडे लागून साडेपाच महिने झाले होते. पंधरा दिवसांत ती कायम होणार होती. हरसूलच्या बाजारात तिच्या आईने तर आधीच सांगून टाकलं होतं की पोरगी परमनंट झाली. आता ‘सहकाऱ्याला मारलं’ असा शिक्का घेऊन ती गेली असती, तर सिन्नरच काय, सातपूर-अंबडच्या कुठल्याही गेटवर तिला कुणी उभं केलं नसतं.

“दौंडकर काय म्हणतात?” मी विचारलं.

“त्यांना काही आठवत नाही म्हणतात.”

“शॉक लागला का?”

“पॅनेल बंद होतं, पगारे! आयसोलेटर ऑफ, वर कुलूप. शॉक काय आकाशातून पडणार? डॉक्टर म्हणाले, भाजल्याची एक खूण नाही. आणि तुम्हाला विचारूनच केलं ना सगळं?”

असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. मेंटेनन्स रूममधल्या माझ्या बोर्डचा फोटो. माझंच अक्षर, लाल मार्करने: ‘पॅनेल बंद असताना मीटरवर ४०, ८०, १०० असे आकडे आले तर घाबरू नका. भूत आहे. काम करा.’

“हे तुमचंच ना?” सबनीस म्हणाले. “फोनवरही तुम्ही हेच बोललात. मी शेजारी उभा होतो, स्पीकर चालू होता.”

बोललो होतो. नाही कसं म्हणू?

आदल्या दुपारी तीनच्या सुमाराला रंजनाचा फोन आला, तेव्हा माझ्या एका हातात गुलाबजामची वाटी होती. मोठ्या हायड्रॉलिक प्रेसचा कॉन्टॅक्टर खडखडत होता, म्हणून प्रेस थांबली होती. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच. तो असा खडखडला, तर बहुतेक वेळा कुठेतरी न्यूट्रलचा स्क्रू ढिला असतो. पॅनेल बंद करायचं, न्यूट्रलची पट्टी घट्ट करायची. वीस मिनिटांचं काम.

“साहेब, पॅनेल बंद केलंय. माझं कुलूप लावलंय. तरी मीटर एकशे अडतीस दाखवतोय,” ती म्हणाली.

“भूत असेल. बोर्ड वाच.”

“नाय साहेब, आकडा हलत नाय. आन् ती माळ पण...”

“रंजना, इथे अंगठी घालायची वेळ झालीये. सबनीस साहेब सांगतात तसं कर.”

आणि मी फोन ठेवला. माळ कसली हेही विचारलं नाही.

हे भूत काय ते आता सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही अंगारे-धुपारे करतो. डिजिटल मल्टिमीटर फार नाजूक तब्येतीचा असतो. मोजताना तो सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे बंद वायरीशेजारून चालू वायर गेली असेल, तर तिचा नुसता वारा लागूनही मीटर तीस-चाळीस व्होल्ट दाखवतो. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आपल्या स्वयंपाकघरात येतो, म्हणून आपल्या गॅसवर काही शिजत असतं असं नाही, तसंच हे. अशा खोट्या व्होल्टेजला या धंद्यात घोस्ट व्होल्टेज म्हणतात. आमच्या पोरांनी त्याचं भूत केलं. नवीन पोरं या आकड्यांना घाबरून तासन् तास पॅनेलपुढे उभी राहायची, म्हणून मी तो बोर्ड लिहिला होता.

खोटं काही लिहिलं नव्हतं. अर्धवट लिहिलं होतं, आणि या कामात अर्धवट खरं हे खोट्यापेक्षा वाईट असतं.

“प्रेस चालू करा आधी,” सबनीस म्हणाले. “कालपासून बंद आहे. दिवाळीच्या आधीचं डिस्पॅच आहे. त्या मुलीने कुलपाची किल्ली खिशात घालून नेली. तिला किल्ली घेऊन बोलावलंय, गेटवर द्यायला. नाहीतर मी कटर लावतो.”

“कटर लावायचं नाही,” मी म्हणालो.

“का?”

“ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. हा नियम सही करून तुम्हीच भिंतीवर लावलाय.”

माझा आवाज चढला होता. खरं सांगतो, तोपर्यंत माझा राग सबनीसांवर कमी आणि रंजनावर जास्त होता. मनात म्हणत होतो, पोरी, आकडा बघून इतकं घाबरायचं? आणि घाबरलीस तर घाबरलीस, स्टूल कशाला मारलंस?

मी मीटर घेतला आणि प्रेसकडे गेलो.

प्रेसला अजून दसऱ्याचा झेंडूचा हार होता, वाळून काळा पडलेला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी मशीनं धुऊन पुसून पुजतात. हळदकुंकू, पाना-स्क्रू ड्रायव्हर पाटावर, आणि या मोठ्या प्रेसच्या बाजूला देवीचा फोटो. फोटोभोवती रंगीत लाइटच्या पाच माळा. त्या दिवाळीपर्यंत काढत नाहीत, ही इथली रीत. त्या सकाळी माळा विझलेल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि पुढे गेलो. एकतीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

पॅनेलचा आयसोलेटर, म्हणजे मेन स्विच, खाली ओढलेला, बंद होता. हा चार पोलचा आहे, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल अशा चारही वायरी तो एकदम तोडतो. त्यावर रंजनाचं लाल कुलूप आणि तिच्या नावाचा टॅग. दार उघडलं.

मोजायची पद्धत मी पोरांना शिकवतो तीच. काळी वायर COM लिहिलेल्या भोकात, लाल V लिहिलेल्या भोकात. लाल चुकून दहा अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे फेजच्या मधोमध ठेवलेला लोखंडी चमचा होतो, आणि मग मीटरसकट हात जातो. डायल एसी व्होल्टवर. आधी मीटर चालू सॉकेटवर लावून बघायचा. दोनशे बत्तीस आले. म्हणजे मीटर जिवंत आहे. मग बंद पॅनेलवर मोजायचं. आणि शेवटी पुन्हा त्या चालू सॉकेटवर, कारण मधेच मीटर मेला असेल तर त्याचा शून्य हा शून्य नसतो.

पहिला फेज ते दुसरा, शून्य. दुसरा ते तिसरा, शून्य. पहिला ते तिसरा, शून्य. फेज ते न्यूट्रल, तिन्ही शून्य. भूतसुद्धा नव्हतं. परत सॉकेटवर, दोनशे बत्तीस.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकशे अडतीस कुठून आणले या मुलीने? पॅनेल गार होतं. सबनीस मागे हाताची घडी घालून उभे होते.

“झालं समाधान?” ते म्हणाले.

मी मीटर बंद केला. अजून पाच मिनिटं गेली असती, तर मी त्या मेमोवर ‘पाहिले’ म्हणून सही केली असती. हे लिहायला आज लाज वाटते, पण केली असती.

तेवढ्यात सबनीसांना गेटवरून फोन आला, भोये मॅडम आल्यात, आत सोडू का? सबनीस म्हणाले, किल्ली घ्या आणि पाठवून द्या. मी फोन त्यांच्याकडून ओढून घेतला आणि सांगितलं, “आत पाठव.”

रंजना आली ती युनिफॉर्म घालूनच आली. केस घट्ट बांधलेले, खिशाला टेस्टर. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

“किल्ली देते साहेब. पण कुलूप मीच काढणार.”

“कुलूप राहू दे,” मी म्हणालो. “मला आधी सांग, काल एकशे अडतीस कुठे आले? मी सगळं मोजलं. सगळं शून्य आहे.”

“फेज-फेज मोजलं आसंल तुमी.”

“फेज-न्यूट्रलपण मोजलं.”

“तिथं शून्यच येतंय साहेब. मलापण तिथं शून्यच आलं व्हतं.”

तिने माझ्या हातातला मीटर घेतला. आधी सॉकेटवर लावून बघितला. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी स्वतःचा रागही आला. मग तिने काळी प्रोब पॅनेलच्या पत्र्याला जोडलेल्या अर्थच्या बोल्टवर ठेवली आणि लाल न्यूट्रलच्या पट्टीवर.

एकशे अडतीस. स्थिर. आकडा हलेना.

मग तिने लाल प्रोब पहिल्या फेजवर नेली. एकशे अडतीस. दुसऱ्या फेजवरही तेवढेच.

माझ्या तोंडातून शिवी गेली. ती स्वतःला होती, पण सबनीसांना वाटलं त्यांना दिली. वाटलं तर वाटलं.

व्होल्टेज कधी एकट्या जागेला नसतं, ते दोन जागांमधलं असतं. दोन माणसं दुसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी उभी असतील, तर त्यांच्या उंचीत फरक शून्यच येणार. जमिनीपासून मोजलं तरच कळतं की दोघंही वर आहेत. या पॅनेलमध्ये फेज आणि न्यूट्रल सगळेच, इंडिकेटरच्या दिव्यांमधून एकमेकांना जोडलेले, एकदम वर उचलले गेले होते. मी त्यांना आपापसातच मोजत बसलो. न्यूट्रल ते अर्थ मोजलंच नाही. न्यूट्रलला काय असतंय, असं या लाइनमधला जो तो म्हणतो. मीही म्हणत आलो.

“तू न्यूट्रल-अर्थ का मोजलंस?” मी विचारलं.

“माळंमुळं.” तिने देवीच्या फोटोकडे बोट केलं. “मी आयसोलेटर खाली वढला आन् माळा इजल्या. त्या तर लाइटिंगच्या बोर्डावरच्या हायती ना? या मशीनवरच्या नाय. मग या मशीनसंगं त्या कशापायी इजल्या? मी तेच सांगत व्हते फोनवर.”

हे ऐकून सबनीस म्हणाले, “हे बघा, मीटर काहीही दाखवतो. भूत असेल. तुमच्याच बोर्डवर लिहिलंय.”

आता मात्र माझं टाळकं फिरलं.

“थांबा साहेब,” मी म्हणालो. “भूत कसं ओळखायचं ते दाखवतो. जागेवरून हलू नका. कशाला हात लावू नका.”

माझ्या कपाटात जुना टेस्ट लॅम्प होता. एक छोटा बल्ब, दोन वायरी, मधे फ्यूज. आता सेफ्टी ऑडिटमध्ये तो चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. नव्या मीटरमध्ये त्याच कामासाठी वेगळं बटण येतं. पण तत्त्व एकच. भुताच्या अंगात जोर नसतो. त्याच्यावर बल्बचा भार टाकला की ते पळून जातं. खरं व्होल्टेज असेल तर बल्ब लागतो.

मी रबरी हातमोजे घातले, रबर मॅटवर उभा राहिलो. एक वायर अर्थच्या बोल्टवर आणि दुसरी न्यूट्रलच्या पट्टीवर.

बल्ब पिवळा, मंद लागला.

आणि त्याच क्षणी देवीच्या फोटोभोवतीच्या पाचही माळा लागल्या. लाल, हिरव्या, निळ्या. मी वायर उचलली, बल्ब विझला, माळाही विझल्या. पुन्हा टेकवली, पुन्हा लागल्या.

“हे भुताने लावलं का?” मी विचारलं. म्हणजे ओरडलोच. प्रेस बंद असल्याने शेडमध्ये शांतता होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

सबनीसांनी बल्बकडे पाहिलं, मग माळांकडे.

रंजना हळू आवाजात म्हणाली, “काल अशाच लागल्या व्हत्या.”

“कधी?”

“दादांचा हात चिकटला तवा.”

मग तिने सगळं सांगितलं. तिने काम करायला नकार दिल्यावर सबनीसांनी दौंडकरांना बोलावलं. दौंडकर आमचे सर्वांत जुने वायरमन, सगळे त्यांना दादा म्हणतात, दोन वर्षांनी रिटायर होणार. रंजना पॅनेलच्या दारात आडवी उभी राहिली. सबनीस म्हणाले, बाजूला हो. तिला हाताला धरून कुणीतरी बाजूला केलं. दादांनी मोजलं, माझ्यासारखंच, फेज-फेज आणि फेज-न्यूट्रल. शून्य. पॅनेल बंद म्हणून हातमोजे नाहीत. डावं कोपर पत्र्याच्या दारावर टेकवलं, उजव्या हाताने न्यूट्रलची पट्टी दाबून धरली आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला मान वळवली. त्यानंतर ते बोललेच नाहीत. ओरडलेसुद्धा नाहीत. सबनीस फोनवर कुणाशी तरी डिस्पॅचचं बोलत होते.

“मला दादांचं तोंड नाय दिसलं, त्यांची पाठ व्हती माझ्याकडं,” रंजना म्हणाली. “मला माळा दिसल्या. लुकलुकाय लागल्या. पॅनेल तर बंद हाय, मग माळा कोणाच्या अंगातून लागल्या? हातानं वढलं आसतं तर मीपण चिकटले आसते. बाजूला लाकडाचं स्टूल व्हतं. तेच घातलं मनगटावर, जोरात. हात सुटला.”

म्हणजे जेवढा वेळ देवीपुढच्या माळा पेटल्या होत्या, तेवढा वेळ तो करंट दौंडकरांच्या छातीतून जात होता. शॉकने प्रत्येक वेळी भाजत नाही. हाताला खूण न ठेवताही हृदय थांबतं. मनगट मोडलं म्हणून माणूस वाचला. आणि आम्ही मेमो कुणाला दिला, तर ज्या मुलीने स्टूल घातलं तिला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

शेडच्या दारात दौंडकर उभे होते. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. हॉस्पिटलचे कागद द्यायला आले होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. ते आले आणि त्याच लाकडी स्टुलावर बसले.

“साहेब, त्या माळांचं न्यूट्रल मीच घेतल्यालं हाय,” ते म्हणाले. “चार दसरे झाले. लाइटिंगच्या बोर्डावरचं न्यूट्रल जळालं व्हतं. पूजेचा टाइम झालता, सगळे ताट घिऊन थांबल्याले. म्हनलं, न्यूट्रल ते न्यूट्रल, कुठलं बी घ्या. या प्रेसच्या पट्टीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी काढतो म्हनलं, राहून गेलं.”

झालं होतं ते असं. माळांना फेज लाइटिंगच्या बोर्डावरून, न्यूट्रल या प्रेसच्या पॅनेलमधून. प्रेस चालू असली की सगळं छान. प्रेसचा आयसोलेटर खाली केला की माळांचा परतीचा रस्ता तुटतो. करंट माळांमधून येऊन न्यूट्रलच्या पट्टीवर थांबतो आणि वाट बघतो, कुणी हात लावतंय का. माळांमधून गाळून आलेला, म्हणून सरळ दोनशे तीस नाहीत, असला वेडावाकडा आकडा. मला भुतासारखा वाटणारा.

“काल साहेबांना का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तोंड दाखवाय जागा हाय का मला? पोरीनं जीव वाचवला आन् मी म्हनलं, आठवत नाय.” ते रंजनाकडे न बघता बोलत होते. “पोरी, चुकलं माझं.”

“हात दुखतोय का लय?” रंजनाने विचारलं.

सबनीसांना आता वाचा फुटली. “म्हणजे दौंडकरांची चूक! मी म्हणतच होतो, कामगाराचा निष्काळजीपणा. मेमो यांच्या नावाने काढू.”

माणूस किती पटकन दुसरी मान शोधतो! रंजनाची निसटली तर दौंडकरांची धरायची. मी त्यांच्या अगदी जवळ गेलो.

“साहेब, चार खंडेनवम्या झाल्या. दरवर्षी आरतीला तुम्ही पुढे असता आणि तुमच्या शेजारी मी असतो. मी पेढा खाल्ला, माळा बघितल्या, आणि यांना न्यूट्रल कुठून आलं हे विचारलं नाही. ते विचारायचा पगार मला मिळतो. काल जी मुलगी ‘हात लावू नका’ म्हणत होती, तिला हाताला धरून बाजूला कुणी करायला लावलं?”

“मी डिस्पॅचचं बघत होतो.”

“तेच तर म्हणतोय. माणूस तुमच्यापासून चार फुटांवर मरत होता आणि तुम्ही डिस्पॅचचं बघत होतात.”

त्यांचा चेहरा लाल झाला. “पगारे, तुम्ही मर्यादा सोडताय.”

“सोडली. आता रिपोर्ट मी लिहिणार.”

आधी लाइटिंगचा एमसीबी बंद केला. रंजनाने पुन्हा न्यूट्रल-अर्थ मोजलं. शून्य. मीटर सॉकेटवर तपासला, ठीक. मग तिने स्वतः हातमोजे घालून ती उसनी वायर पट्टीवरून काढली, ढिला स्क्रू आवळला, आणि कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडलं. प्रेस सुरू झाली. अर्धा तास लागला असेल.

रिपोर्टमध्ये मी तीन गोष्टी लिहिल्या. जोडणी मेंटेनन्स विभागाची, जबाबदारी विभागप्रमुख म्हणून माझी. फोनवर चुकीचा सल्ला मी दिला. आणि वायरमन रंजना भोये यांनी धोका वेळीच ओळखला, काम थांबवलं, आणि दुर्लक्ष झाल्यावर सहकाऱ्याचा जीव वाचवला. दौंडकर म्हणाले, माझं नाव लिवा साहेब. मी म्हटलं, खाली तुमच्या हाताने तुमचा जबाब लिहा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहिला. चार वाक्यं लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

सबनीसांनी रिपोर्ट वाचला आणि ते म्हणाले, “ठीक आहे, मेमो मागे घेतला समजा.”

“समजा नाही. लिहून द्या.”

“अहो, तोंडी सांगितलं ना.”

“दिला होता तोंडी का?”

संध्याकाळी पाचपर्यंत मी त्यांच्या केबिनबाहेरच्या खुर्चीवर बसून राहिलो. शेवटी कागद आला. एकच ओळ होती, ‘सदर मेमो गैरसमजातून देण्यात आला असल्याने रद्द समजण्यात यावा.’ माफी नाही, आभार नाहीत. कुणाचा गैरसमज तेही नाही. मला पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसचं कडक पत्र आलं. ते मिळायलाच हवं होतं. रंजना पंधरा दिवसांनी कायम झाली. सबनीसांनी तिच्या परमनंटच्या कागदावर सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही, असं एचआरच्या मॅडमनी सांगितलं. सही झाली, मला तेवढं पुरे होतं.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. मी मेंटेनन्स रूममध्ये गेलो आणि माझा तो लाल मार्करचा बोर्ड काढायला लागलो. चार स्क्रू होते. एक गंजला होता, निघेना. रंजनाने येऊन दुसऱ्या बाजूने बोर्ड धरला. मी मेमो रद्दचा कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, घडी घातली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवला. मला वाटलं, ती आता थँक्यू म्हणेल. मी मनातल्या मनात ‘अगं त्यात काय’ असं उत्तरही तयार ठेवलं होतं.

“साहेब, एक इचारू? राग नाय ना येणार?”

“विचार.”

“काल फोनवर मी म्हनलं, एकशे अडतीस आलेत. तुमी लगेच भूत म्हनलात.” तिने बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. “मीटर कुठं लावलाय, ते इचारलंच नाय.”

ती पोरगी साडेपाच महिन्यांची वायरमन होती आणि मी एकतीस वर्षांचा, आणि दोन शब्दांचा प्रश्न मला सुचला नव्हता.

आता कुणाचाही फोन आला, की साहेब, मीटर इतकं इतकं दाखवतोय, तर मी हातातली वाटी आधी खाली ठेवतो आणि विचारतो, “कुठे लावलाय?” आकडा मी त्यानंतर ऐकतो.